नस्ती क्रमांक चोपन्न

१

“माणूस हरवला तर पोलिसात जाता येतं. कॉम्प्युटरातनं नऊ माणसं हरवली तर कुठं जायचं?”

कर्वेनगरातल्या माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्या बाईंनी हे विचारलं, तेव्हा मी कुणाच्या तरी कीबोर्डमधून चकलीचे तुकडे काढत होते. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक आधीच रडवेलं असतं आणि सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, ‘मी काही केलं नाही, आपोआप गेलं.’ म्हणून मी भिंतीवर पाटीच लावली आहे: ‘आपोआप काहीही जात नाही. आठवून मग बोला.’

बाईंनी ती पाटी ओठ हलवत, एकेक अक्षर लावत, शेवटपर्यंत वाचली. माझी पाटी इतक्या मन लावून आजवर कुणी वाचली नव्हती. मग त्या म्हणाल्या, “आठवूनच आले हाय, द्वारकाताई.”

मी स्टूल पुढे सरकवलं.

बाईंचं नाव कांताबाई ओव्हाळ. राहणार कोथरूड. यजमान दशरथराव सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून २०११ साली निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात कामाला लागले. काम असं, की आपल्या समाजातल्या एकेका घरात अक्षर पहिल्यांदा कुणी गिरवलं, त्या माणसाला गाठायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि त्याचं बोलणं लिहून घ्यायचं. लोणी काळभोर, थेऊर, उरुळी, जिथे बस जाते तिथे बसने, नाहीतर पायी. चौदा वर्षांत चोपन्न माणसं झाली. प्रत्येकाची कॉम्प्युटरवर वेगळी फाइल. दशरथराव तिला फाइल म्हणत नसत, नस्ती म्हणत. कचेरी सुटली तरी सवय सुटत नाही.

“फेब्रुवारीत त्यांना झटका आला,” कांताबाई म्हणाल्या. “उजवा हात गेला, वाचा गेली. मे महिन्यात कॉम्प्युटरातनं धूर निघाला. आमच्या धम्मदीपनं त्यातलं सगळं काढून त्याच्या मॅकमधे बसवलं. आता छापायला द्यायचं म्हणून उघडलं, तर पंचेचाळीसच निघाली. शेवटची नऊ न्हाईत.”

“कागद असतील ना?”

“कच्चे कागद टाइप झाले की फाडायचे. ‘ड’ वर्ग, म्हणायचे.”

मी कपाळावर हात मारला. सरकारी कचेरीत कागदांचे वर्ग लावतात आणि ‘ड’ वर्ग म्हणजे वर्षभरात नष्ट करायचा कागद. माणसाने घरीसुद्धा इतकं नियमाने वागू नये.

“मग त्या माणसांना परत विचारता येईल.”

“त्यातली पाच वारली, ताई,” त्या म्हणाल्या. “आणि विचारायला ज्यांनी जायचं, त्यांना बोलता येत न्हाई. दसऱ्याला विहारात पुस्तक निघणार म्हणून हे एकेक दिवस मोजत बसलेत. शनिवारपर्यंत छापायला न्हाई गेलं तर न्हाईच.”

तो मंगळवार होता. मी विचारलं, “कुणावर संशय?”

कांताबाईंनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. “घरातल्या माणसावर कसा घ्यायचा?”

म्हणजे होता.

२

दशरथराव खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी जय भीम म्हटलं तसा त्यांनी डावा हात कपाळापर्यंत नेला. डोळे असे लख्ख, की हा माणूस सगळं ऐकतोय आणि आपलंच तोंड बंद करून ठेवलंय म्हणून चिडलाय, हे बघताक्षणी कळलं. मला फार वाईट वाटलं. पण मी काम हाती घेते तेव्हा वाईट वाटणं बाजूला ठेवते.

मुलगा धम्मदीप, वय बेचाळीस, हिंजवडीत नोकरी, त्या दिवशी घरूनच काम. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, “काकू, मी एकही फाइल डिलीट केलेली नाही. लॉग बघा हवं तर.”

“मी आरोप केला का? मॅक उघड.”

त्याने उघडला. काम बरं केलं होतं, खोटं कशाला बोलू. दशरथरावांचं मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की ते जुन्या विंडोजशिवाय चालत नाही, आणि त्यातलं लिखाण दुसरीकडे उघडलं की नुसता अक्षरांचा चिवडा. म्हणून या पोराने मॅकच्या पोटात एक आभासी कॉम्प्युटर तयार केला आणि जुन्या हार्ड डिस्कवरची विंडोज उचलून त्यात ठेवली. दोन दिवस निळा पडदा दाखवून रुसली, तिसऱ्या दिवशी चालू झाली. मॅकच्या खिडकीत विंडोजचं ते जुनं हिरवं माळरान आणि त्यावर दशरथरावांचे फोल्डर, जसेच्या तसे.

मी ते सॉफ्टवेअर उघडलं. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी त्यात असते. ती यादी खाली ओढली आणि धम्मदीप खुर्चीवर पुढे सरकला. यादीत सगळ्यात वर नस्ती ५४, खाली ५३, खाली ५२. मी ५४ वर टिचकी मारली. ‘फाइल सापडत नाही.’

“म्हणजे होत्या,” धम्मदीप हळू आवाजात म्हणाला. “मला वाटत होतं बाबांनी लिहिल्याच नसतील. आजारपणात गोंधळ झाला असेल.”

खुर्चीतून खण्णकन आवाज आला. दशरथरावांनी पाण्याचा पेला खाली पाडला होता. ते डाव्या हाताच्या दोन बोटांनी आपल्या उजव्या मनगटावर टकटक करत होते. पुन्हा पुन्हा.

“औषधाला वेळ हाय अजून,” कांताबाई म्हणाल्या आणि पेला उचलून पदराने त्यांची बाही पुसू लागल्या. “दोन दिवस झाले, असंच करतायत.”

“मूळ डिस्क दे,” मी धम्मदीपला म्हटलं. “त्यावर असेल सगळं.”

त्याने आधी आईकडे बघितलं. मग म्हणाला, “ती खटखट वाजायला लागली होती. सगळं कॉपी झालंच होतं. रविवारी सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी आली, तेव्हा सुटीच खोक्यात टाकून कॅबिनेटसकट देऊन टाकली.”

“चौदा वर्षांचं काम, आणि मूळ प्रत कचऱ्यात? शाब्बास.”

गाडीवाल्याला फोन लावला. माल सोमवारीच यंत्रात घालून चुरा झाला होता.

३

आमोद साने, पुस्तकाचे प्रकाशक आणि छापणारेही तेच, कोथरूड डेपोजवळच्या त्यांच्या छापखान्यात भेटले. रविवारी दुपारी ते पेन ड्राइव्ह घेऊन त्या मॅकसमोर एकटे बसले होते, हे मला कांताबाईंनी सांगितलं होतं. आणि नस्ती ४९ त्यांना नको होती, हेही.

“नको होती, बरोबर,” साने म्हणाले. “दशरथरावांनीच मला वाचून दाखवली होती. त्यात एका गुरुजींचं नाव आहे. मुलांना वर्गाबाहेर बसवायचे, पाटी लांबून फेकायचे. त्या गुरुजींचे नातू माझं मोठं गिऱ्हाईक. मी दशरथरावांना विनंती केली, की नाव तेवढं गाळा. हे त्यांचं उत्तर.”

टेबलाच्या खणातून त्यांनी पत्र काढलं. एकच ओळ होती. ‘नाव वगळता येत नाही, वगळायचेच असल्यास पुस्तक वगळावे.’

“मग?”

“मग काय? असं उत्तर मला आजवर कुठल्या लेखकाने दिलेलं नाही. छापणार आहे मी, नावासकट.” त्यांनी चष्मा पुसला. “आणि बाई, थोडं डोकं चालवा. मला घालवायची असती तर एक घालवली असती. मधलीच. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ओळीने नऊ घालवून स्वतःचंच पुस्तक कशाला अडवू?”

हे पटलं. कुणाला एखादा माणूस नकोसा असेल तर तो एकालाच उचलतो. ओळीने शेवटचे नऊ गेले म्हणजे निवड माणसं बघून झालेलीच नव्हती. मग काय बघून झाली होती?

परत येऊन मी दशरथरावांची नोंदवही मागितली. लांबट, लाल कापडी पाठीची, कचेरीत असते तशी. क्रमांक, नाव, गाव, शेरा, असे आखलेले रकाने. पहिल्या पंचेचाळीस नोंदी निळ्या शाईत. सेहेचाळीसपासून प्रत्येक नोंदीपुढे एक जादा गोष्ट होती, लाल शाईत तारीख. पहिली २०१८ ची, शेवटची २०२४ ची. त्याआधी एकाही नोंदीला तारीख नाही. हा बदल मला खटकला, पण अर्थ लागेना.

आणि मग शेवटची ओळ वाचली. नस्ती ५४. नाव, कांता दशरथ ओव्हाळ. शेरा, ‘संबंधितांची संमती नाही. प्रतीक्षेत.’

४

“मी नकोच म्हणले होते,” कांताबाई म्हणाल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. “धम्मदीपला शाळेत घालायला मी गेले होते. हे कामावर. अर्जावर मी अंगठा लावला तर तिथला माणूस बाकीच्यांना दाखवून हसला. घरी येऊन मी यांना म्हणले, मला शिकवा. एकतिसाव्या वर्षी पोराच्या पाटीवर गिरवलं मी. पण तो अंगठा चारचौघांत मांडू नका, म्हणले. ह्यांनी लिहून ठेवलं आणि संमतीची वाट बघत बसले.”

“म्हणून तुम्ही…”

“मी न्हाई, ताई,” त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

जेवून जा म्हणून आग्रह झाला. पानात पोळी, वांग्याची भाजी, ठेचा. दशरथरावांना दलिया.

“आई, रविवारपासून भात नाही घरात,” धम्मदीप बाहेरून म्हणाला. “बाबांना मऊभात आवडतो, माहितीये ना?”

“तांदळाला ऊन द्यायचंय,” कांताबाई म्हणाल्या आणि फळीवर सगळ्यात वर ठेवलेल्या, सुतळी बांधलेल्या डब्याकडे त्यांची नजर गेली.

हात धुऊन मी दशरथरावांच्या टेबलाशी गेले. कॅबिनेट गेलं होतं, पण मॉनिटर आणि कीबोर्ड कांताबाईंनी हलवू दिले नव्हते. मॉनिटरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जखमेवर लावायची चिकटपट्टी बोटभर चिकटवलेली होती.

“स्क्रीन तिथे फुटलाय बहुतेक,” धम्मदीप म्हणाला.

मी पट्टी सोलली. काच अगदी धड होती.

कीबोर्डवरची अक्षरं पुसली होती, ते समजण्यासारखं आहे. पण वरच्या रांगेतली बटणं नवी कोरी, फक्त एफ-वन झिजून गुळगुळीत. “हे बटण कशाला लागायचं त्यांना?”

“चालू केलं की काळा पडदा यायचा,” कांताबाईंनी सांगितलं. “ते बटण दाबलं की पुढं जायचं. सात-आठ वर्षं झाली असतील.”

मी वळले. समोर दशरथराव परत आपल्या मनगटावर टकटक करत होते. अरे, हा माणूस औषध मागतच नव्हता. दोन दिवस घसा कोरडा करून, पण घशाशिवाय, तो उत्तरच सांगत होता.

“घड्याळ,” मी म्हटलं. “दशरथराव, घड्याळच ना?”

त्यांचा हात थांबला. मान एकदा खाली गेली. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

५

“धम्मदीप, खरं सांग,” मी म्हटलं. “डिलीट नाही केलंस, मान्य. कॉपी करताना काय वगळलंस?”

“काहीच नाही. म्हणजे, डिस्कचे दोन कप्पे होते. विंडोजचा कप्पा पूर्ण घेतला. दुसऱ्यात बाबांच्या फाइल्स होत्या, पण त्यात खूप जंक होतं. तो पीसी सेकंडहँड, आधी सायबर कॅफेत होता, त्यांची गाणी, वॉलपेपर, काय काय. डिस्क मरायला टेकलेली, वेळ कमी. बाबांनी पुस्तक २०११ ला सुरू केलं, तर त्याच्या आधीच्या तारखेचं पुस्तकाचं असूच शकत नाही. म्हणून २०११ नंतरच्याच फाइल्स उचलल्या. सिंपल लॉजिक आहे.”

“लॉजिक झकास आहे. घड्याळ बंद होतं, एवढंच.”

त्याला कळेना, म्हणून सांगितलं. कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ एका छोट्या गोल सेलवर चालतं. २०१८ साली तो सेल मेला. दशरथराव काटकसरीचे, काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करणार. मग रोज सकाळी ते यंत्र उठायचं ते १ जानेवारी २००२ या तारखेला, आणि काळ्या पडद्यावर तक्रार करायचं. एफ-वन दाबा आणि पुढे जा. त्या दिवसापासून लिहिलेल्या प्रत्येक नस्तीवर यंत्राने शिक्का मारला, २००२. याने चाळणी लावली आणि सगळ्यात नवी माणसं सगळ्यात जुनी म्हणून चाळणीवर राहिली. मॅकमध्ये आल्यावर तर पुरावाच गेला, कारण आभासी कॉम्प्युटर वेळ मॅककडून घेतो. त्याचं घड्याळ बरोबर.

“पण बाबांनी सेल बदलून का नाही घेतला? वीस रुपयांची गोष्ट.”

दशरथरावांनी डावा हात पुढे केला. मी नोंदवही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एकेक पान उलटत मागचं पान काढलं, ‘पत्रव्यवहार’ असं डोक्यावर लिहिलेलं, आणि एका ओळीवर बोट टेकवलं. धम्मदीपने वाकून वाचलं.

‘संगणकाच्या घड्याळाबाबत चि. धम्मदीप यांस तोंडी कळविले. उत्तर प्रतीक्षेत.’ तारीख २०१८ ची.

कचेरीतला माणूस यंत्राला हात लावत नाही. वर कळवतो, वहीत शेरा मारतो, तारीख हाताने टाकतो, पडद्याच्या कोपऱ्यातलं चुकीचं घड्याळ चिकटपट्टीने झाकतो आणि कामाला लागतो. वरून उत्तर येईल, अशी वाट बघतो.

“मी म्हणालो होतो, चालतंय ना, चालू दे,” धम्मदीप म्हणाला. तो वडिलांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “आणि डिस्क पण मीच दिली. बाबा, मीच दिली.”

“ऊठ,” मी म्हटलं. “चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची माझी पद्धत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलंय मी. पुण्यातली सोसायटी, कचऱ्याचीसुद्धा पावती ठेवतात. ओव्हाळांच्या नावावर लिहिलंय, कॅबिनेट एक, माउस एक, वायरी. हार्ड डिस्क नाही. खोक्यात तू ठेवलीस आणि गाडीत ती पोचली नाही. घरात तीन माणसं. एकाला चालता येत नाही, एकाने स्वतः खोकं भरलं.”

सगळे कांताबाईंकडे बघायला लागले.

“आणि कांताबाई,” मी म्हटलं, “तांदळाला ऊन द्यायचं, तर डबा फळीवर सगळ्यात वर ठेवून, झाकणाला सुतळी बांधून कोण देतं?”

६

कांताबाई उठल्या. स्टुलावर चढल्या, डबा खाली घेतला, सुतळी सोडली. तांदळात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक पुडकं वर काढलं. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, आत दशरथरावांचा धुतलेला हातरुमाल, आणि रुमालात ती डिस्क.

“चौदा वर्षं ते हिच्याशी बोलत बसले,” कांताबाई म्हणाल्या. “भंगारात कशी देऊ? ओल लागू नये म्हणून तांदळात ठेवली. धम्मदीप चिडंल म्हणून बोलले न्हाई. सगळं तिकडं गेलंय, असं तोच म्हणला होता, मग ही नुसती आठवण म्हणून ठेवली. हिच्यात अजून काही असंल, हे मला काय ठाऊक?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी हसले आणि मग मलाच हुंदका आला. आल्या आल्या पाटी वाचणाऱ्या त्या बाईंवर मी संशय घेतला होता, तेही मी त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “घ्यायलाच पायजे. तुमचं काम हाय ते.”

पुढचे दोन दिवस दुकान बंद ठेवून मी त्या डिस्कपाशी बसले. खटखटत होती, मधेच थांबत होती, गार करून परत लावली की दोन पावलं चालत होती. सत्तेचाळीसने तीन वेळा दगा दिला. शुक्रवारी सकाळी नऊच्या नऊ माणसं बाहेर आली, सगळ्यांवर तारीख १ जानेवारी २००२.

धम्मदीपने मॅक वडिलांच्या खुर्चीसमोर ठेवला. आभासी विंडोजमध्ये नऊ नस्त्या त्यांच्या जागी नेऊन ठेवल्या, ५४ वर टिचकी मारली, आणि अक्षरं उमटली, स्वच्छ, दशरथरावांची. साने छापायला न्यायचं म्हणून आलेच होते. ते दारातच थांबले.

“हिला संमती नाही,” धम्मदीप म्हणाला. “त्रेपन्नच पाठवू. आई, तू म्हणशील तसं.”

कांताबाई मॅकसमोर बसल्या. ओठ हलवत, बोट पडद्याजवळून फिरवत त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अंगठ्याशी आल्या तेव्हा थांबल्या. साने खाली बघायला लागले, मीही. मग त्या पुढे वाचत गेल्या. ‘त्या रात्री तिने सात वेळा कांता लिहिले. आठव्या वेळी माझ्याकडे न बघता लिहिले. मी पुष्कळ अधिकाऱ्यांच्या सह्या पाहिल्या आहेत. इतकी ठाम सही पाहिली नाही.’

कांताबाईंनी डोळे पुसले. “हे मला कधी दाखवलं न्हाई तुम्ही,” त्या दशरथरावांना म्हणाल्या. “नुसतं अंगठ्याचंच लिहिलं असंल, असं वाटायचं मला.”

दशरथरावांनी वहीकडे हात दाखवला.

मी वही उघडून चोपन्नाची ओळ काढली. कांताबाईंनी धम्मदीपच्या खिशातलं पेन घेतलं, ‘संमती नाही’ यावर सरळ एक रेघ मारली आणि शेजारी सही केली. पूर्ण नाव, कांता दशरथ ओव्हाळ, सावकाश, एकदाही न थांबता. वही त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं.

त्यांना वेळ लागला. आकडे वाकडे आले, एक तर उलटाच. कुणी मदत केली नाही, कारण त्यांनी करू दिली नसती. फेब्रुवारीनंतर त्यांनी लिहिलेली ती पहिली गोष्ट. सहीखाली त्यांनी आजची तारीख टाकली.